वारली चित्रकला, ब्रेक्झिट आणि सांस्कृतिक देवाणघेवाण : एक चिकित्सा

प्रस्तावना : ब्रिटनने 23 जून 2016 च्या सार्वमताने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. 31 जानेवारी 2020 रोजी तो अमलात आला आणि 31 डिसेंबर 2020 रोजी संक्रमणकाळ संपला. तेव्हापासून ब्रिटिश वादक, नाट्यसंस्था व चित्रकार यांना युरोपात काम करताना देशागणिक वेगळे नियम पाळावे लागतात. वाद्ये व कलाकृती नेताना सीमाशुल्काची कागदपत्रे करावी लागतात. पालघर जिल्ह्यातून या घटनेकडे पाहिले असता 'देवाणघेवाण' या संकल्पनेविषयीच काही प्रश्न उपस्थित होतात. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार करावयाचा आहे.

उदाहरण : डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (निधन 2018) यांची चित्रे 1989 मध्ये पॅरिसच्या 'मॅजिसियां द ला तेर' या प्रदर्शनात मांडली गेली. 2003 मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे त्यांची चित्रे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कलाकृतींसह प्रदर्शित झाली. त्या वर्षी लाँग वारली मुलुखातही येऊन गेले होते. एक ब्रिटिश, एक वारली आणि जर्मन भूमी असा हा त्रिकोण आहे.

विवेचन : त्या काळी लाँग यांना जर्मनीत जाण्यासाठी व्हिसा लागत नव्हता, त्यांच्या कलाकृतींना सीमाशुल्काची अडचण नव्हती. गंजाडच्या चित्रकाराला मात्र व्हिसा अनिवार्य होता. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात कधीच नसल्याने लंडन व पॅरिस या दोन्ही ठिकाणी जाणाऱ्या भारतीय कलावंताला ब्रेक्झिटपूर्वीही दोन व्हिसा काढावे लागत. तात्पर्य, आज ज्यास संकट म्हटले जाते, ती आदिवासी कलावंताची जुनीच स्थिती होय. मुक्त संचार हा कलेचा स्वभावधर्म नसून विशिष्ट नागरिकत्वाचा लाभ होता, हे ब्रेक्झिटने उघड केले.

याचा अर्थ ब्रेक्झिटची झळ आपणांस लागत नाही असा नव्हे. पूर्वी लंडनमध्ये रीतसर आयात झालेले चित्र पुढे पॅरिसला नव्या सीमाशुल्काविना जात असे. आता दुसरी सीमा ओलांडावी लागते. हा वाढीव खर्च मोठी दालने सोसू शकतात, पाड्यावरील तरुण चित्रकारांचा गट सहजासहजी सोसू शकत नाही.

तथापि सारा दोष परकीय सीमांवर टाकणे एकांगी ठरेल. लग्नचौक मुळात सवाशिणी लिहीत. तांदळाच्या पिठाने सारवलेल्या भिंतीवर पालघट देवी त्याच रेखाटीत. 1970 नंतर हे चित्र कागदावर व कापडावर आले, बाजारात गेले आणि परदेशी जाणारी नावे बहुतांशी पुरुषांची झाली. भिंत प्रवास करू शकत नाही. तिच्यासमवेत ती लिहिणारी स्त्रीही मागे राहिली. ही सीमा कोणत्याही सार्वमताने आखलेली नाही.

समारोप : बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यातून माल देशोदेशी जातो. त्याच्या मोजमापाने कलेची देवाणघेवाण मोजणे योग्य नव्हे. किती चित्रे गेली, यापेक्षा कोण गेले, कोण इथे आले आणि कोणाच्या नावावर काय राहिले, हे पाहणे अगत्याचे आहे. लाँग वारली मुलुखात आले, ही बाब त्यामुळेच महत्त्वाची ठरते. देवाणघेवाणीस दोन्ही बाजूंची पावले उमटावी लागतात; एरवी ती केवळ निर्यात होय.