वसतिगृहातली न लिहिलेली वर्षे

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की दोन माणसे हमखास भेटतात. एक, मकतबमध्ये डोक्यावर टोपी घालून कायदा घोकणारा मुलगा. दुसरा, व्यासपीठावरून तलाक, शिक्षण आणि जमातवाद यांवर बोलणारा प्रौढ माणूस. पहिल्याचा दुसरा कसा झाला हे फारसे कुणी सांगत नाही. आम्ही वाचलेल्या बहुतेक आत्मकथनांत या प्रवासाला दोन-तीन वाक्ये मिळतात: कॉलेजला गेलो, वाचन वाढले, विचार बदलले. एवढ्याशा क्रियापदांत चार-पाच वर्षे, वसतिगृहाची एक खोली, सुट्टीत घरी गेल्यावरचे अवघडलेले जेवण आणि अम्मीचा 'नमाज पढतोस ना?' हा प्रश्न गडप होतो.

ही तक्रार आम्ही भामरागडच्या निमित्ताने करतो आहोत. भामरागड आणि मुस्लिम मराठी साहित्य यांचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. सांगतो.

आमचे घर आलापल्लीचे. अब्बांची कापडाची छोटी पेढी होती आणि ते भामरागडच्या आठवडी बाजाराला जात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले की पलीकडेच अडकत. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या तोंडाशी असलेले ते गाव दरवर्षी जगापासून तुटायचे. मिठाच्या बदल्यात माडियांकडून चारोळी मोजून घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गोष्टी आता पुस्तकांतून येतात. त्या व्यापाऱ्यांत आमचेही लोक होते, हे इथेच कबूल करून ठेवतो. १९८७ साली आम्ही चंद्रपूरला महाविद्यालयात गेलो, तेव्हा वसतिगृहात आमच्या खोलीत भामरागडकडचा एक माडिया मुलगा आला. दीनी तालीम घेतलेला एक आणि ज्याच्या घरी धर्माला वेगळे नावच नाही असा एक, अशी ती जोडी तीन वर्षे एकत्र राहिली.

प्रवेशाच्या अर्जात 'धर्म' असा रकाना होता. आम्ही पटकन भरला. त्याने विचारले, "यात काय लिहायचं बे?" कारकुनाने त्याच्या वतीने 'हिंदू' लिहून टाकले आणि अर्ज पुढे सरकवला. कारकुनाचाही त्यात काही डाव नव्हता. इंग्रजी अमलातल्या जनगणनांत आदिवासींच्या धर्माची वेगळी नोंद होत असे, पुढे तो वेगळा रकानाच राहिला नाही. मित्राला मात्र तो दिवस विसरता आला नाही. घरी जे होते, म्हणजे पेन, पेरमा, पंडुम, किती देवांचे कूळ त्यावर ठरणारी सोयरीक, गेलेल्या माणसासाठी उभा केलेला दगड, त्याला धर्म म्हणतात की नाही, हा प्रश्न त्याला प्रथम अर्जाच्या त्या रकान्याने विचारला. आमचा प्रश्न उलटा होता. आमच्याकडे जे होते तो धर्म आहे याविषयी कुणालाच शंका नव्हती. तो खरा आहे काय, एवढेच आम्हाला विचारायचे होते. कॉलेज दोघांनाही खडबडवून जागे करते, पण एकाच कुशीवरून नव्हे.

आता पुस्तकांकडे वळू. भामरागडच्या माडियांविषयी मराठीत जे वाचले गेले त्यात डॉ. प्रकाश आमटे यांचे 'प्रकाशवाटा' (२००९) सर्वांत पुढे. बाबा आमटे यांनी १९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथे १९७६ साली शाळा निघाली आणि त्या शाळेतली मुले पुढे बाहेर शिकायला गेली, डॉक्टर-वकीलही झाली. या पुस्तकाविषयी आम्हाला आदर आहे. विजेशिवाय, रस्त्याशिवाय, रुग्णाची भाषा येत नसताना दवाखाना उभा करणारा माणूस इतक्या साध्या आवाजात बोलतो याचे अप्रूप आहे. आणि त्याने माडियांच्या पाड्यावर कुठलाही नवा देव नेला नाही, ही गोष्ट आम्हाला त्याच्या पुरस्कारांहून मोठी वाटते. पण टीकाकार म्हणून एक म्हणावेच लागते. हे पुस्तक डॉक्टरचे आहे, त्यामुळे माडियाची श्रद्धा त्याला भेटते ती दवाखान्याच्या दारात. मांत्रिकाकडे दिवस घालवून, जखम चिघळल्यावर आलेला रुग्ण. श्रद्धेची ती सर्वांत पडती घटका. दवाखान्याच्या दारातून पाहिली तर कुठल्याही मजहबची श्रद्धा अडथळाच दिसेल; आमच्या दर्ग्यावर साखळीने बांधलेले वेडेही तिथूनच पाहावेत. त्याच श्रद्धेने पेरणीआधी, लग्नात, मयतीनंतर माणसाला काय दिले, हे त्या दारातून दिसत नाही. आणि शिकून बाहेर पडलेल्या मुलाने त्या श्रद्धेचे पुढे काय केले, हे तर नाहीच.

हेमलकशालाच आयुष्य काढलेले विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी माडिया तरुणाच्या अधिक जवळ जाते. पण तिची ओढ जंगलखाते, पोलीस आणि बंदूकवाले यांच्या कचाट्याकडे आहे. ते योग्यच आहे; ज्याच्या मानेवर पाय आहे त्याने आधी पायाबद्दल बोलावे. तरी बंदूक हाती घेणाऱ्या आणि डॉक्टर होऊन परतणाऱ्या अशा दोन माडिया तरुणांच्या मध्ये एक तिसरा उभा आहे. तो बी.ए. झाला, शिक्षक झाला, सुट्टीत गावी जातो, पंडुमात बसतो आणि मनात काहीतरी खटकत असते. त्याच्यावर मराठीत कादंबरी नाही.

आमच्याकडेही नाही. हमीद दलवाई यांची 'इंधन' (१९६५) घ्या. मुस्लिम माणसाने मराठीत लिहिलेली ही आमच्या मते आजही सर्वांत मोठी कादंबरी. दलवाईंच्या राजकारणाशी आमचे मतभेद आहेत आणि या पानांवर त्यावर पुरेसे लिहून झाले आहे. कादंबरीकार दलवाईंवर मात्र आपण फार कमी लिहिले, ही आपली चूक. 'इंधन'चा निवेदक हृदयविकाराने आजारी होऊन पंधरा वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परततो. गाव त्याला ओळखते आणि ओळखतही नाही. पुढे जे पेटते ते पेटते. आमचे लक्ष त्या पंधरा वर्षांकडे जाते. कादंबरी सुरू होण्याआधीच त्याचे प्रश्न विचारून झालेले आहेत. तो उत्तरे घेऊन परततो. ती पंधरा वर्षे कादंबरीच्या बाहेर राहतात आणि दलवाईंसारख्या धीट लेखकाच्या हातूनही बाहेरच राहतात. खुद्द दलवाईंच्या बाबतीत म्हणाल, तर त्यांचे खरे कॉलेज राष्ट्र सेवा दलाची शाखाच असावी. तिथे प्रश्न एकट्याने खोलीत पडून विचारावा लागत नाही, दहा जण मिळून मोठ्याने विचारतात. म्हणून १९७० साली सत्यशोधक मंडळ काढणारा माणूस आपल्याला दिसतो, रात्री दोन वाजता छताकडे बघणारा मुलगा दिसत नाही.

मराठीत हे कुणी लिहिलेच नाही असे नाही. बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' वाचावे. बेळगावचा कासाराचा मुलगा मिशनच्या शाळेत शिकतो, मन एकीकडे आणि घर दुसरीकडे अशी वर्षे काढतो आणि १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतो. ती टाळाटाळ, ती घरच्यांची भीती त्यांनी लपवलेली नाही. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या 'माझ्या आठवणी व अनुभव'मध्ये जमखंडीच्या वारकरी घरातला मुलगा फर्ग्युसन कॉलेजात मिल आणि स्पेन्सर वाचून हादरतो. पण पाहा, हे दोघेही कुठेतरी पोहोचले. एक चर्चमध्ये, दुसरा प्रार्थना समाजात. पोहोचलेल्या माणसाला मागचा रस्ता सांगता येतो, कारण ऐकायला नवे घर बसलेले असते. जो धड गेला नाही आणि धड राहिला नाही, त्याने कुणाला सांगायचे?

आणि आपल्यातले बहुतेक असेच आहेत. जुम्मा चुकवत नाहीत, रोजे जमतील तेवढे धरतात, मुलाचा निकाह काझीकडूनच पढवतात आणि तरी विसाव्या वर्षी एक प्रश्न मनात आला होता तो अजून तसाच आहे. बाहेरचे पुरोगामी याला दुटप्पीपणा म्हणतात, मौलवीसाहेब मुनाफिकी म्हणतात. दोघांचे शब्द वेगळे, फटकारा एकच. आमच्या मते हा साहित्याचा विषय आहे आणि आपण तो घाबरून सोडला आहे.

घाबरायला कारण आहे, नाही असे नाही. एक भीती घरची: 'पोरगं बिघडलं.' ती सोसता येते. दुसरी भीती जास्त जड. आपण चार ओळी शंकेच्या लिहिल्या की कुणीतरी त्या उचलून दाखवणार, 'बघा, त्यांचेच लोक म्हणतात.' १९९२ नंतर ही भीती काल्पनिक राहिली नाही. घरावर दगड येत असताना घरातल्या ओलीची चर्चा कोण करील? १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आता मोकळे बोलता येईल असे वाटले होते. दोनच वर्षांत तोंडे पुन्हा मिटली. हे समजून घेऊनही आम्ही म्हणतो की, शत्रू वाचील म्हणून न लिहिलेले मित्रांनाही वाचायला मिळत नाही.

माडिया मित्राची अडचण याहून वेगळी नव्हती. वसतिगृहाच्या फाटकाशी त्याच्यासाठी कितीजण उभे! तू हिंदूच आहेस म्हणणारे, येशूकडे ये म्हणणारे, सगळे थोतांड आहे म्हणणारे. पुढे नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली यांच्या लेखनातून गोंडी पुनेमची मांडणी आली. कंगाली (१९४९-२०१५) हे रिझर्व्ह बँकेत नोकरी करत गोंडी भाषा-धर्माचा अभ्यास करणारे गृहस्थ. त्यांच्या काही निष्कर्षांवर, विशेषतः सिंधू लिपी गोंडीतून वाचण्यावर, अभ्यासकांचे आक्षेप आहेत. पण रकान्यात काय लिहायचे, या प्रश्नाला त्यांनी एक उत्तर दिले. २०११ च्या जनगणनेत देशभरात दहा लाखांवर लोकांनी 'इतर'मध्ये गोंड किंवा गोंडी धर्म लिहिला. ग्रंथ नसलेल्या धर्माला ग्रंथ मिळाला. आपण किताबवाले. ग्रंथाने माणूस ताठ उभा राहतो हे आपल्याला ठाऊक आहे आणि ग्रंथ आला की त्याचा अर्थ सांगणारे मागोमाग येतात, हेही.

आणखी एक गोष्ट भाषेची. कोकणातल्या मुसलमानाच्या घरात मराठीचीच बोली. म्हणून दलवाईंचा प्रश्न आणि दलवाईंची आई एका भाषेत होते. आमच्या आलापल्लीला घरात दखनी, सिरोंच्याच्या पाहुण्यांशी तेलुगू, बाजारात माडियाचे चार शब्द आणि शाळेत मराठी. खुदाविषयीची पहिली शंका आमच्या मनात मराठीत आली. कारण ती ज्या पुस्तकांतून आली ती मराठी होती. अम्मीला मराठी उत्तम कळायचे, पण खुदाविषयी ती मराठीत बोलत नसे. त्यामुळे विचारायचे झाले तरी विचारता येईना. दखनीत तो प्रश्न बेअदबी वाटे, मराठीत अम्मीला परका. मित्राचेही तसेच. पेनविषयी वाकडा शब्द तो माडियात कधी बोलला नाही. जे बोलला ते मराठीत, आमच्याशी.

दुसऱ्या वर्षी रमजानमध्ये आम्ही ठरवले होते की यंदा रोजे नाहीत. पहिल्याच पहाटे चारला तो स्टोव्ह पेटवून आम्हाला हलवत होता. आम्ही चिडलो. तो म्हणाला, "तुझ्या आईला शब्द देलो होतो मी. खा आन् झोप, रोजा ठेव नाही तर नको ठेवू." आम्ही खाल्ले. रोजाही झाला. श्रद्धेने की भिडेने, आजही सांगता येणार नाही.

त्याच्या घरी नव्या आंब्याचा पंडुम झाल्याशिवाय आंबा तोंडात घालत नसत. परीक्षेमुळे तो गावी जाऊ शकला नाही. एके दिवशी मेसमध्ये ताटात आंब्याच्या फोडी आल्या. तो बराच वेळ बघत बसला आणि मग खाल्ल्या. त्या रात्री दिवा मालवल्यावर अंधारात म्हणाला, "काहीच नाही झालं बे." आम्ही हसलो. तो हसला नाही. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "काहीतरी व्हायले पायजे होतं."

हे दुसरे वाक्य आम्हाला मराठीतल्या कुठल्याही आत्मकथनात भेटलेले नाही. शंका घेणाऱ्याला मोकळे वाटते, असेच सगळे लिहितात. पहिल्या दिवशी पोरके वाटते, हे त्याने सांगितले. आम्हालाही तसेच वाटले होते, पण आम्ही आमच्या जुन्या लेखांत 'विचार बदलले' असे लिहून मोकळे झालो. तेव्हा वरची तक्रार आधी आमच्याविरुद्धच आहे.

मित्र आता निवृत्तीला आला आहे, तिकडेच शिकवतो. दरवर्षी पंडुमाला बसतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याला त्या तीन वर्षांवर लिहायला सांगितले. त्याने शाळेच्या वहीची सोळा पाने पाठवली, मराठीत. आंब्याचा प्रसंग त्यात आहे, पण सहीच्या वेळी नावे बदल, गाव बदल, अशी अट आहे. आम्ही आमची बाजू लिहायला घेतली आहे. सातव्या पानावर अम्मी येते, तिथे अडलो आहोत.