स्यूडो-टर्मिनलातील मूक लोप

युनिक्समधील टर्मिनल मुळात टेलिटाइपसमोर बसलेल्या माणसाकरिता योजलेले होते. स्यूडो-टर्मिनलाने त्या माणसाच्या जागी प्रोग्राम आणून बसविला. परंतु मधली ‘लाइन डिसिप्लिन’ ही व्यवस्था समोर माणूसच आहे अशा समजुतीने चालत राहिली. मजकूर हरवण्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या समजुतीत आहे.

लिनक्सचेच उदाहरण घ्यावे. ओळीओळीने वाचण्याच्या ‘कॅनोनिकल’ रीतीत ओळीची मर्यादा, शेवटच्या ओळचिन्हासह, ४०९६ अक्षरांची आहे. मास्टर बाजूने दहा हजार अक्षरांची एकच ओळ पाठविल्यास स्लेव्ह बाजूच्या वाचकाला पहिली ४०९५ अक्षरे मिळतात व त्यामागोमाग ओळचिन्ह. मधली अक्षरे टाकून दिली जातात. लिहिणाऱ्याच्या हिशेबी मात्र सर्व अक्षरे पोचलेली असतात.

या टाकण्याला सबळ कारण आहे, हे टीकाकार सहसा विसरतात. ओळ पुरी झाल्यावाचून वाचकाला काहीच मिळत नाही. भरलेल्या रांगेने नवे अक्षर घेण्याचे नाकारले, तर ओळ पुरी करणारे चिन्हही आत येणार नाही आणि दोन्ही बाजू एकमेकींची वाट पाहत खोळंबतील. तेव्हा आक्षेप टाकण्यावर नाही, ते न कळविण्यावर आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत मर्यादा २५६ अक्षरांची होती व ती गाठताच साठलेले सारेच फेकले जाई; पण हे पूर्वसूचनेवाचून घडते, असे त्या पुस्तिकेने निदान स्पष्ट सांगितले होते. पुढे आलेल्या ‘आयमॅक्सबेल’ या सोयीने रांग भरताच घंटा वाजू लागली. माणसाला ती पुरेशी होती. प्रोग्रामला मात्र ती उत्तराच्या मजकुरात मिसळलेले आणखी एक अक्षर एवढीच वाटते.

इमॅक्सने काढलेली तोड कल्पक खरी. लांब मजकुरात अधूनमधून फाइलसमाप्तीचे चिन्ह घालून ते साठलेली अपुरी ओळ पुढे ढकलते. बहुतेक प्रोग्रामांना याने अपाय होत नाही, अशी ग्वाही त्याची मार्गदर्शिका देते. ‘बहुतेक’ हा शब्द येथे फार मोठे ओझे वाहतो. कारण ते चिन्ह नेमके ओळीच्या आरंभी पडले, तर वाचक मजकूर संपला असेच समजतो.

कॅनोनिकल रीत बंद केल्यास भरलेली रांग लिहिणाऱ्याला थांबविते व हा लोप टळतो; मात्र चूक खोडण्याची सोय मग वाचणाऱ्या प्रोग्रामलाच करावी लागते. जेथे टर्मिनलाची गरजच नाही, तेथे साधा पाइप वापरावा.