प्रमाणपत्र आणि पंचनामा : अंकीय पुराव्याच्या चर्चेतील एक उणीव

अंकीय पुराव्यासंबंधी आपल्याकडे जी विधिचर्चा झाली, ती बहुतांशी एका प्रमाणपत्राभोवतीच फिरत राहिली. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमात 65ब हे कलम घातले. संगणकीय अभिलेखाची प्रत पुराव्यात यावयाची, तर यंत्राविषयी व प्रतीविषयी जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र हवे, असा त्याचा आशय. हे प्रमाणपत्र अनिवार्य की ऐच्छिक, याविषयी 2005, 2014 व 2018 या साली सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय परस्परविरुद्ध दिशांना गेले. अखेर 14 जुलै 2020 रोजी अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या वादात ते अनिवार्य ठरले. वादाचा विषय जालना मतदारसंघातील 2014 ची विधानसभा निवडणूक. प्रश्न एवढाच की, उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर. निवडणूक कार्यालयातील चित्रफितीत उत्तर होते, परंतु वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. जे देणे पक्षकाराच्या हाती नाही, त्याच्या अभावी त्याचे नुकसान होऊ नये, ही सवलत न्यायालयाने मान्य केली. ती न्याय्यच होती.

तथापि प्रमाणपत्र बोलते ते यंत्राविषयी. ते यंत्र न्यायालयाच्या दारापर्यंत कोणत्या वाटेने आले, याविषयी ते मौन बाळगते. हे मौन किती महाग पडते, हे पाहण्यास जालन्यापर्यंत जावयास नको. ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. 1982 पर्यंत तो चंद्रपूरचाच भाग होता. तेथील सत्र न्यायालयाने 7 मार्च 2017 रोजी प्रा. जी. एन. साईबाबा व इतर पाच जणांना बेकायदा कृत्ये प्रतिबंधक अधिनियमाखाली दोषी ठरविले. पाच जणांस जन्मठेप झाली. निकालाचा मोठा भार सप्टेंबर 2013 मध्ये साईबाबांच्या दिल्लीतील घरातून जप्त केल्याचे सांगितलेल्या हार्ड डिस्क व तत्सम साहित्यावर होता. 5 मार्च 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वांना निर्दोष ठरविले. जप्ती सिद्ध झाली नाही आणि अंकीय पुरावाही कायद्याने सांगितलेल्या रीतीने शाबीत झाला नाही, असा त्याचा निष्कर्ष. शासनाने मागितलेली स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात नाकारली. सहांपैकी एक आरोपी 2022 मध्येच कारागृहात असताना वारला होता. साईबाबाही 2024 च्या ऑक्टोबरमध्ये निवर्तले.

ही सुटका 'तांत्रिक' होती, असे म्हणण्याची एक रीत आहे. ती उथळ आहे. जी वस्तू आरोपीच्या घरात सापडली हेच ठरत नाही, तिच्या पोटातील मजकुरावरून त्याचा अपराध कसा ठरावा?

मात्र खंडपीठाच्या विवेचनातील एका मुद्द्याचा अधिक विचार व्हावयास हवा. घरझडतीचा पंच निरक्षर होता. विद्यापीठाच्या परिसरात सुशिक्षित पंच सहज मिळाले असते, हे न्यायालयाने नोंदविले. स्वतः न वाचलेल्या पंचनाम्यावर केलेल्या सहीचे मोल कमीच. पण यावरून निरक्षर पंच म्हणजे दुर्बळ पंच, असा सर्वसाधारण नियम कोणी काढील, तर या वनजिल्ह्यांत त्याचा अनर्थ होईल. चोरीचा बैल, कुऱ्हाड, सागवानाचे लठ्ठे यांची ओळख अक्षरशत्रू शेतकरी पदवीधराहून अचूक पटवितो, कारण त्या वस्तूची ओळख तिच्या अंगावरच असते. हार्ड डिस्कचे तसे नाही. तिची ओळख पेटीत नसून पेटीतील मजकुरात असते, आणि तो बाहेरून न निरक्षरास दिसतो, न पदवीधरास. सीलबंद होण्यापूर्वी एखादे पत्र आत घातले गेले, तर विद्वान पंचही त्याबाबत तितकाच आंधळा. त्यामुळे दोष केवळ त्या पंचाचा नव्हता. बैलासाठी घडलेली पंचनाम्याची पद्धत हार्ड डिस्कला जशीच्या तशी लावली गेली, हे मूळ दुखणे होय.

1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने या दुखण्याचा अर्धाच उपचार केला आहे. कलम 63 च्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा व दुसरा तज्ज्ञाचा. आणि दोहोंत अभिलेखाचे हॅश मूल्य नमूद करावयाचे आहे. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली संख्या. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ती बदलते. उपाय उत्तम आहे, परंतु ही संख्या काढल्यानंतरच्याच बदलांचा तो साक्षी आहे. जप्ती आज आणि हॅश महिन्यांनंतर प्रयोगशाळेत, असे झाले तर मधल्या काळाचे काय? हॅश जागेवरच काढावा, असे बंधन या कलमात नाही. शिवाय उधारीच्या वा जमिनीच्या दाव्यात भ्रमणध्वनीवरील संभाषण दाखल करू पाहणाऱ्या तालुक्याच्या पक्षकारास तज्ज्ञाची सही मिळविणे म्हणजे दाव्याच्या रकमेहून मोठा खर्च ठरू शकतो.

त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक केले आहे. दिल्लीतील त्या घरझडतीविषयी जे प्रश्न उलटतपासणीत निघाले, म्हणजे पंच आत होता की बाहेर, त्याने काय पाहिले, त्यांची उत्तरे अशा मुद्रणातून मिळू शकतील. परंतु हे मुद्रण हाही एक अंकीय अभिलेखच होय. त्याची प्रत न्यायालयात आली की तिलाही कलम 63 चे प्रमाणपत्र लागणार, आणि मुद्रण ज्या यंत्रावर झाले ते मध्यंतरी कोणाच्या ताब्यात होते, हे शपथेवर सांगणारा साक्षीदारही.