कलम चौदाचा वाचक कोण?

कायद्याचा मजकूरही समीक्षेचा विषय आहे, असे मी मानतो. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चे कलम १४ घ्या. पंचायतीच्या कामात वा कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, तो सदस्य राहू शकत नाही. वाक्य भक्कम आहे. 'अप्रत्यक्ष' हा शब्द तर भागीदाराच्या नावाआड लपणाऱ्यालाही धरू पाहतो.

पण कलम १६ वाचा. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा, स्वतःहून, किंवा कोणाही व्यक्तीच्या अर्जावरून. ही 'कोणीही व्यक्ती' अर्जुनी-मोरगावकडे कोण असणार? ज्याच्या बांधीत धानाची रोवणी करायची, त्याच्याच नालीच्या कंत्राटाविरुद्ध गोंदियाला जाऊन अर्ज देणारी मजूर बाई. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. अर्ज दिल्यावर उद्याच्या रोजीचे काय, हे मात्र कलमात नाही. हा मजकूर जमीन असलेल्या वाचकासाठी लिहिला आहे.

आणि आपल्या संस्था? मी पाहिलेल्या काही घटनांत हे कलमच नाही. जिथे आहे, तिथे नोंदणीपुरते दुसऱ्याच्या घटनेवरून उतरवलेले. शिक्षक नेमताना अध्यक्षांचा मेहुणा उमेदवार असेल, तर अध्यक्ष बैठकीतून उठून गेले, एवढी एक ओळ इतिवृत्तात हवी. नियम स्वीकारल्याचा ठराव मला दाखवू नका. ती ओळ दाखवा.