घरगुती औषधोपचारविषयक मराठी लेखन : ज्येष्ठमधाच्या निमित्ताने एक चिकित्सा

मराठीतील घरगुती औषधोपचारविषयक लेखनाला ‘आजीबाईचा बटवा’ हे नाव रूढ झाले आहे. खोकल्यावरील ज्येष्ठमध हे त्यातील नेहमीचे उदाहरण होय. या लेखनाचे मूल्यमापन करताना त्यात काय सांगितले आहे यापेक्षा काय गाळले आहे, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

ज्येष्ठमध केवळ भारतीय औषध नव्हे. चिनी वैद्यकातही ते खोकल्यावरील अनेक काढ्यांत येते. मात्र कोणत्या द्रव्यांबरोबर ते देऊ नये, याची यादीही त्या परंपरेने जपली आहे. आयुर्वेदातील शार्ङ्गधरसंहितेच्या पहिल्याच अध्यायात वजनमापांची परिभाषा येते. म्हणजेच मात्रा व निषेध हे परंपरेचेच अंगभूत भाग होत. मराठी पुस्तिकांत मात्र बहुधा गुण तेवढे उरतात. ‘थोडे’, ‘आराम पडेपर्यंत’ असे मोघम शब्द मात्रेची जागा घेतात.

ही उणीव केवळ शैलीची नाही. ज्येष्ठमध अधिक मात्रेत वा दीर्घकाळ घेतल्यास त्यातील ग्लिसरायझिनमुळे शरीरातील पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. म्हणून उच्च रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी ते टाळणे इष्ट. अडुळशातील व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन घडवू शकते. चाटणातील मधही १ वर्षाखालील बालकास वर्ज्य आहे.

देहूसारख्या ठिकाणी या प्रश्नाला सामाजिक परिमाण लाभते. तुकोबांच्या या गावाभोवती आज तळवडे-चाकणचा औद्योगिक पट्टा पसरला असून परगावाहून आलेली कामगार कुटुंबे येथे राहतात. आजी गावाकडे राहते. बटवा तेवढा छापील रूपात सोबत येतो. आजीला घरातील प्रत्येकाचे वय, प्रकृती व दुखणे ठाऊक असे. छापील पानाला वाचक अनोळखी असतो. २ आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्यात क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते. तेथे ‘आराम पडेपर्यंत’ हा सल्ला निदानच लांबणीवर टाकतो.

तथापि हे ज्ञान त्याज्य ठरत नाही. व्हॅसिसीनच्याच आधारे ब्रोमहेक्सिन हे आधुनिक कफनाशक विकसित झाले. आक्षेप औषधीवर नसून तिच्याविषयीच्या अपुऱ्या लेखनावर आहे. मात्रा, कालमर्यादा, निषेध आणि वैद्याकडे केव्हा जावे याचा निर्देश, या चार बाबी आल्याशिवाय छापील बटवा आजीची जागा घेऊ शकत नाही.