‘प्रतिकारशक्ती’ या शब्दाची मर्यादा : हिवतापाच्या संदर्भात एक चिकित्सा

मराठीतील वैद्यकविषयक लेखनात ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द इतका रूढ झाला आहे की त्याच्या अर्थाची फोड करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. परंतु रूढ शब्द नेहमीच नेमका असतो असे नाही. ‘प्रतिकार’ हे नाम एकटे असते तेव्हा त्याच्यामागील षष्ठी बहुधा कर्माची असते : ‘शत्रूचा प्रतिकार’, ‘अन्यायाचा प्रतिकार’. प्रतिकार कशाचा, हे त्यामुळे सांगावेच लागते. त्याच नामाला ‘शक्ती’ जोडून समास केला की षष्ठीचे स्थान कर्त्याकडे जाते : ‘मुलाची प्रतिकारशक्ती’, ‘वृद्धांची प्रतिकारशक्ती’. शक्ती कोणाची ते कळते. ती कशाविरुद्ध, हे मात्र वाक्याबाहेर राहते आणि ते राहिले आहे याची जाणीवही होत नाही. शिवाय ‘शक्ती’ हे मोजपट्टीवर वरखाली होणारे नाम आहे. ती वाढते, घटते, मिळते, संपते. तिचे प्रकार संभवतात ही कल्पना या क्रियापदांच्या सहवासात टिकत नाही.

या शब्दाची खरी कसोटी हिवतापाच्या विचारात लागते. ज्या रोगांत एकदा आजार झाला की पुढे बहुधा जन्मभर तो होत नाही, त्यांच्याविषयी लिहिताना ‘प्रतिकारशक्ती आली’ असे म्हटल्याने फारसे बिघडत नाही. गोवराचे उदाहरण या जातीचे आहे. हिवतापाची गोष्ट निराळी आहे. येथे तीन भिन्न घटनांपासूनचे संरक्षण वेगवेगळे पाहावे लागते : परजीवीचा शरीरात शिरकाव होणे, शिरकावानंतर ताप येणे आणि तापाचे रूपांतर प्राणघातक तीव्र आजारात होणे. जेथे डासांमार्फत रोगाचा प्रसार वर्षानुवर्षे अखंड चालू असतो, तेथे तीव्र आजारापासूनचे संरक्षण लहानपणीच, तुलनेने लवकर मिळते. तापापासूनचे त्यानंतर, हळूहळू मिळते. आणि शिरकावापासूनचे पूर्ण संरक्षण बहुधा कधीच मिळत नाही. अशा प्रदेशातील धडधाकट प्रौढाच्या रक्तात परजीवी सापडतात व तो शेतावर कामही करीत असतो. त्याला ‘प्रतिकारशक्ती आहे’ म्हणावे की ‘नाही’ म्हणावे, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही.

हे निरीक्षण नवे नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८९९-१९०० च्या सुमारास न्यू गिनीत केलेल्या पाहणीत मुले व प्रौढ यांच्यातील हा फरक नोंदवला होता. १९२४ साली क्रिस्टोफर्स यांनी सिंगभूम भागातील अनुभवाच्या आधारे हिवतापग्रस्त वस्तीतील प्रतिकाराची वयानुसार होणारी वाटचाल मांडली. मात्र या संरक्षणाचा वाहक कोणता, हे त्या काळी सिद्ध झालेले नव्हते.

त्या सिद्धतेचे श्रेय १९६१ साली कोहेन, मॅकग्रेगर व कॅरिंग्टन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाला जाते. आफ्रिकेतील गांबिया येथील प्रौढांच्या रक्तातून गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे ज्यात प्रतिपिंडे असतात तो प्रथिनांचा अंश, वेगळा काढून तो हिवतापाने आजारी असलेल्या मुलांना टोचण्यात आला. काही दिवसांतच मुलांच्या रक्तातील परजीवींची संख्या झपाट्याने खाली आली. रोगाशी कधी संबंध न आलेल्या ब्रिटनमधील व्यक्तींच्या रक्तातून काढलेल्या तशाच अंशाचा असा परिणाम दिसला नाही. १९९१ साली पश्चिम आफ्रिकेतील प्रौढांची प्रतिपिंडे थायलंडमधील आठ रुग्णांना देण्यात आली आणि तेथेही परजीवींची संख्या घटली. एका खंडातील लोकांच्या रक्ताने दुसऱ्या खंडातील परजीवीला आवर घातला, ही गोष्ट विशेष महत्त्वाची होती.

या दोन प्रयोगांवरून ‘प्रतिपिंडे म्हणजेच प्रतिकारशक्ती’ असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. मराठीतील अनेक लोकप्रिय लेखांत ते समीकरण गृहीतच धरलेले दिसते. ते खरे असते तर प्रतिपिंडांचा साठा बाहेरून दिल्यावर मरणाच्या दारी असलेले मूलही वाचावयास हवे होते. याची परीक्षा मलावी देशात झाली. मेंदूच्या हिवतापाने बेशुद्ध झालेल्या बालकांना नेहमीच्या औषधोपचाराच्या जोडीने स्थानिक प्रौढांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे शिरेवाटे देण्यात आली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीचा निष्कर्ष निराशाजनक होता : प्रतिपिंडे मिळालेल्या मुलांना त्यांचा लाभ झाला नाही. ‘शक्ती’ या कल्पनेच्या चौकटीत ही दोन टोके जुळत नाहीत. शक्ती होती, ती दिली गेली, तरी मुले सावरली नाहीत. चौकट बदलली की विसंगती विरते. रक्तातील परजीवींची वाढ रोखणे हे एक कार्य आहे. मेंदूच्या सूक्ष्म वाहिन्यांत जी हानी होऊन गेली ती परतवणे हे दुसरे. पहिले प्रतिपिंडांच्या आवाक्यात आहे. दुसरे त्यांच्या आवाक्यात आहे असा पुरावा त्या चाचणीत मिळाला नाही.

तीव्र आजार घडतो कसा, हे पाहिल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम हा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरून वाढू लागला की त्या पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःचे एक प्रथिन आणून बसवतो. ते पीएफईएमपी-१ या नावाने ओळखले जाते. त्याच्या साहाय्याने ती पेशी वाहिन्यांच्या आतील अस्तराला चिकटते. प्लीहेतून गेल्यास ती पेशी तेथे नष्ट झाली असती. चिकटून राहिल्यामुळे तो धोका टळतो. पण याच चिकटण्याने मेंदूतील व इतर अवयवांतील रक्तप्रवाह खुंटतो व रोग घातक बनतो. या प्रथिनाचे नमुने ठरवणारी सुमारे ६० जनुके प्रत्येक परजीवीपाशी असतात आणि तो त्यांपैकी एकामागून एक वापरतो. म्हणून एका नमुन्याविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्या नमुन्यापुढे निरुपयोगी ठरू शकतात. मात्र वाहिन्यांच्या अस्तरावरील ‘ईपीसीआर’ या ग्राहकाला चिकटणारे नमुने बालकांच्या तीव्र आजाराशी विशेष संबंधित असल्याचे २०१३ साली दाखवण्यात आले. घातक नमुन्यांचा संच तुलनेने मर्यादित असेल, तर थोड्याच आजारांनंतर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होणे शक्य आहे. तीव्र आजारापासूनचे संरक्षण तापापासूनच्या संरक्षणाच्या आधी का येते, याचा एक संभाव्य खुलासा येथे मिळतो.

तथापि हा खुलासाही सरळ रेषेत ओढता येत नाही. टांझानियातील मुलांच्या दीर्घकालीन पाहणीवर आधारलेल्या २०१४ सालच्या निबंधात असे दिसून आले की, रक्तात परजीवींची दाटी मोठी असूनही अनेक वेळा तीव्र आजार झाला नाही. म्हणजे परजीवींची संख्या कमी ठेवणे आणि प्राण वाचवणे ही एकाच गोष्टीची दोन नावे नव्हेत.

गर्भवती स्त्रियांचे उदाहरण ‘शक्ती’च्या कल्पनेला सर्वांत मोठा धक्का देते. हिवतापाच्या प्रदेशात लहानाची मोठी झालेली, बालपणीच तीव्र आजारापासून संरक्षण मिळवलेली स्त्री पहिल्या गरोदरपणात पुन्हा धोक्यात येते. तिला रक्तक्षय होतो व मूल कमी वजनाचे जन्मते. लोकव्यवहारात याचे स्पष्टीकरण ‘गरोदरपणात प्रतिकारशक्ती कमी होते’ असे दिले जाते. ते सर्वस्वी चुकीचे नाही; पण मुख्य कारण वेगळे आहे. गर्भाबरोबर शरीरात वार निर्माण होते व तिच्यात काँड्रॉइटिन सल्फेट ए हा पदार्थ असतो. संसर्गित रक्तपेशी त्याला चिकटतात, हे १९९६ साली फ्रीड व डफी यांनी दाखवले. या चिकटण्यासाठी परजीवी ज्या नमुन्याचा उपयोग करतो, तो त्या स्त्रीच्या शरीराला पूर्वी जवळजवळ अपरिचित असतो. तिची जुनी प्रतिपिंडे नाहीशी झालेली नसतात; त्यांचा विषयच वेगळा असतो. पुढील गरोदरपणांत या नव्या नमुन्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असल्याने धोका उतरत जातो. येथे घटलेल्या शक्तीची भाषा कारण झाकते आणि उपायही चुकीच्या दिशेने नेते. अशा स्त्रीला ‘शक्तिवर्धक’ आहार सुचवून भागत नाही; तिला डासांपासून बचाव व योग्य औषध यांची गरज असते.

आता ‘प्रतिपिंड’ या शब्दाकडे वळणे युक्त होईल. १८९१ साली पॉल अर्लिख यांनी वापरलेल्या जर्मन शब्दातील ‘शरीर’ या अर्थाच्या घटकाचे प्रतिबिंब मराठी ‘पिंड’मध्ये उतरले आहे. पिंड म्हणजे गोळा, देह, स्वभाव आणि श्राद्धातील भाताचा गोळाही. या छटांपैकी एकीनेही रक्तद्रवातील प्रथिनाचा बोध होत नाही. त्या दृष्टीने ‘प्रतिद्रव्य’ हा पर्याय अधिक पारदर्शक म्हणता येईल. ‘प्रतिजन’ या जोडशब्दाचीही तीच गत आहे. त्यातील ‘जन’ हे उत्पन्न करणे या अर्थाच्या धातूचे रूप आहे. सामान्य वाचकाला मात्र त्यात ‘लोक’ दिसतात. तरीही पारिभाषिक शब्दाची अपारदर्शकता हा मोठा दोष नव्हे, कारण व्याख्येने ती दूर होते. ‘प्रतिपिंड’ची खरी अडचण ‘प्रति’ या उपसर्गात आहे. तो ऐकताच विरोध, आणि विरोध म्हणजे संरक्षण, असे मानले जाते. वास्तविक रक्तात सापडलेली बरीचशी प्रतिपिंडे एवढीच साक्ष देतात की परजीवीशी गाठ पडली होती. ती साक्षीदार आहेत. रक्षक असतीलच असे नाही. ज्याच्या रक्तात ती विपुल आहेत तो अधिक सुरक्षित असण्याऐवजी केवळ अधिक वेळा डासांच्या तडाख्यात सापडलेला असू शकतो.

याहून पुढची पायरी अशी की काही प्रतिपिंडे अपायाशीही निगडित आहेत. हिवतापात स्वतःच्याच पेशींतील स्निग्ध घटकांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात आणि त्यांचा संबंध रक्तक्षयाशी आढळून आला आहे. वारंवार संसर्ग झालेल्या काही व्यक्तींत एका वर्गाची प्रतिपिंडे प्रमाणाबाहेर वाढतात व प्लीहा अवाढव्य होते. येथे ‘प्रति’चा रोख कोणाकडे आहे, हे उपसर्ग सांगत नाही.

प्रतिबंधक लसींच्या संदर्भात या शब्दविवेकाची गरज अधिकच वाढली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘आरटीएस,एस’ व ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘आर-२१’ या लसींची बालकांसाठी शिफारस केली. यांपैकी दुसरी ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झाली असून तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये होते. त्यामुळे तिच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. या लसींनी निर्माण होणारी प्रतिपिंडे डासाच्या दंशाबरोबर शरीरात येणाऱ्या रूपावर, ते यकृतात पोहोचण्यापूर्वी, काम करतात. गांबियातील प्रौढांची प्रतिपिंडे रक्तातील अवस्थेवर काम करीत होती. दोहोंना एकच नाव आहे. स्थळ, काळ व कार्य मात्र निराळे आहे. लसीची प्रतिपिंडे काळाबरोबर ओसरतात, म्हणून चौथी मात्रा द्यावी लागते. त्यांच्या कवचातून निसटलेला परजीवी रक्तात पोहोचला की ती त्याच्यापुढे हतबल ठरतात. ‘लसीने प्रतिकारशक्ती येते’ या वाक्यात यातील काहीच येत नाही, आणि लस घेतलेल्या मुलाला ताप आला तरी रक्ततपासणीची निकड नाही, असा समज त्यातून सहज निघू शकतो.

यावर असा आक्षेप संभवतो की लोकशिक्षणासाठी सोपा शब्दच हवा. सूक्ष्म भेद तज्ज्ञांनी पाहावेत. आक्षेपातील पहिला भाग मान्य करावा लागेल. परंतु नेमका शब्द कठीणच असतो हे गृहीतक टिकणारे नाही. ‘संरक्षण’ हा शब्द ‘प्रतिकारशक्ती’पेक्षा अवघड नाही आणि त्याचा व्याकरणिक स्वभाव लेखकाला शिस्त लावणारा आहे. ‘संरक्षण’ म्हटले की ‘पासून’ हे शब्दयोगी अव्यय मागोमाग येऊ पाहते व ‘कशापासून?’ हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो. ‘मुलाची प्रतिकारशक्ती वाढली’ याऐवजी ‘मुलाला तीव्र आजारापासून संरक्षण मिळाले, तापापासून अद्याप नाही’ असे लिहिले तर वाक्य थोडे लांबते, पण खरे होते. त्याचप्रमाणे ‘प्रतिपिंडे आढळली’ व ‘प्रतिपिंडांनी रोखले’ या दोन विधानांतील अंतर राखणे हे भाषेचे प्राथमिक कर्तव्य आहे. पहिले निरीक्षण आहे, दुसरे कार्यकारणभावाचे विधान आहे; आणि पहिल्यावरून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही.

हा वाद शब्दकोशापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात हिवतापाने सुमारे ५,९७,००० माणसे दगावली. त्यांतील बहुतेक मृत्यू आफ्रिकेत झाले, आणि तेथील मृतांत पाच वर्षांखालील बालके तीन चतुर्थांशाहून अधिक होती. मराठी वाचकाला ही बालके दूरची वाटतील. पण गडचिरोलीच्या वनप्रदेशात हिवताप हा आजही परिचित रोग आहे, आणि तेथील आरोग्यसेविकेला आईशी ज्या भाषेत बोलावयाचे आहे ती मराठी किंवा मराठीच्या शेजारची आहे. ‘याच्या अंगात आता शक्ती आली आहे’ असे ऐकलेली आई पुढच्या तापाला वाट पाहील. ‘याला अजून तापापासून संरक्षण नाही’ असे ऐकलेली आई रक्त तपासून घेण्यास निघेल. परिभाषेच्या चिकित्सेचे मोल या दोन वाक्यांमधील अंतराने ठरते.