घडीत दडलेलं अंगडं

पलंगावर मावशीने जे पसरून ठेवलं होतं, त्याला कपडा म्हणायला माझी जीभ रेटेना. कडा वेड्यावाकड्या, दोन्हीकडे कोपरे बाहेर आलेले आणि मधूनच एक पट्टा जिभेसारखा लोंबलेला. "मावशी, बिघडलं का गं हे?" मी विचारलं. ती काही बोलली नाही. दोन कोपरे चिमटीत धरून पुढे दुमडले, खालची बाजू जरा ओढली, तळहाताने दाबली आणि बाजूला सरकली. पलंगावर तान्ह्या बाळाचं अंगडं होतं. गळा, दोन बाह्या, पुढचे दोन पल्ले, सगळं जिथल्या तिथे.

थळला मावशीचं घर समुद्रापासून पाच मिनिटांवर. चाळीस वर्षं ती विणते आहे. आता थळमध्ये लोकरीचं काय काम, असं कुणी विचारलं तर हरकत नाही. इथली थंडी पौषात पहाटे येते आणि उन्हं वर चढली की जाते. पण बाळाच्या कानाला वारा लागण्याला ऋतू नसतो, त्यामुळे भर एप्रिलमध्येही टोपरं हवंच. मावशीचे बाळंतविडे नात्यागोत्यात आणि वाडीत ठरलेले: झबलं, टोपरं, मोजे, दुपटं. पद्धतही ठरलेली. पाठ वेगळी, पुढचे भाग वेगळे, बाह्या वेगळ्या, मग सगळं शिवून जोडायचं. सत्तरी ओलांडल्यावर तिने ही घडी मोडली, म्हणून हे अंगडं जवळून पाहण्यासारखं.

मूळ रचना तिची नाही. एलिझाबेथ झिमरमन (1910–1999) या इंग्लंडात जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनला राहिलेल्या बाईंनी 1968 साली ती बसवली. नाव 'बेबी सरप्राइज जॅकेट'. अचंबा बाळाला व्हायचं काही कारण नाही, तो विणणारणीसाठी आहे. जगभरच्या विणणाऱ्या बायकांनी हे अंगडं इतक्यांदा विणलंय की त्याला आता लोकगीताचीच अवस्था आली आहे. झिमरमनबाईंचा स्वभाव मला आवडतो. नमुन्याची गुलामगिरी करू नका, स्वतःचा टाका मोजा, त्रैराशिक मांडा आणि पुढचं आपल्या डोक्याने करा, असा त्यांचा एकूण सूर. आपल्याकडच्या जुन्या बायका वेगळं काय करत होत्या? वीत आणि चार बोटं हीच त्यांची टेप.

आता वीण. सुईवर 160 टाके घ्यायचे. दोन ठिकाणी सेफ्टी पिन अडकवून खूण करायची. दर दुसऱ्या ओळीला त्या दोन्ही खुणांपाशी तिनाचा एक टाका करत जायचं. टाके कमी होत होत 90 उरतात आणि कापड त्या दोन रेघांवर काटकोनात वळतं. मग गंमत सुरू होते: त्याच खुणांपाशी आता टाके वाढवायचे. आधी जे आत वळलं होतं ते आता बाहेर वळू लागतं. पुढे मधल्या टाक्यांवरच काही ओळी, मग कडेने टाके उचलून पुन्हा लांब ओळी. हातात बाही कधी येत नाही, पाठ कधी येत नाही. शेवटी दोन घड्या आणि खांद्यावरच्या दोन शिवणी. बस्स.

मावशीने पांढरा, हळदी आणि गर्द निळा असे सुती धाग्याचे पट्टे घातले आहेत, आणि इथे तिची नजर दिसते. एकाच रंगात विणलं असतं तर ती वळणारी रेघ वीणच गिळून बसली असती. पट्ट्यांमुळे प्रत्येक ओळ आडवी येते, खुणेच्या रेघेवर पोचते आणि उभी होऊन चालू लागते, जणू शेताचा बांध वळावा. पट्ट्यांची रुंदीही सारखी नाही; निळा कुठेच दोन वळ्यांहून जास्त नाही. निळा जास्त झाला असता तर अंगड्याचा गणवेश झाला असता.

पण मला हे अंगडं आवडतं ते त्यातल्या चुकांमुळे. डाव्या रेघेला बोट लावून खालून वर चला. पहिल्या आठ-दहा वळ्यांत तिनाचा एक करताना मधला टाका मागे दबला आहे, रेघ खडबडीत, एका अंगाला झुकलेली. मग अचानक मधला टाका वर येतो आणि तिथून वर रेघ ताठ उभी राहते, कण्यासारखी. तिथे मावशीला नवी रीत सापडली: दोन टाके एकदम सुलट घेतल्यासारखे नुसते उतरवायचे, तिसरा विणायचा आणि उतरवलेले दोन त्याच्यावरून टाकायचे. उजवी रेघ पाहिली तर तिथेही बदल नेमका त्याच ओळीपासून. म्हणजे दुपारी कधीतरी हे जमलं, आणि खालचं उसवायचं नाही असंही तिने तेव्हाच ठरवलं. मी तिला म्हटलं, एवढंसं तर होतं, उसवायचं होतंस. ती म्हणाली, "कशाला? शिकले कुठे ते कळू दे की."

यंत्रावर विणलेल्या स्वेटरचा पहिला टाका आणि शेवटचा टाका एकाच वयाचे असतात. इथे तसं नाही. सुरुवातीचे टाके आवळलेले आहेत, ते परक्या नमुन्याला बिचकलेल्या हाताचे. मधे कुठेतरी हात सैल पडला आणि मग वीण एकसारखी उतरत गेली. तिसऱ्या हळदी पट्ट्यात रंग किंचित फिका आहे, कारण गुंडा संपला आणि दुकानात त्याच नंबरचा पण दुसऱ्या घाण्यातला धागा मिळाला. मावशीने तो फरक लपवायला नव्या-जुन्या गुंड्यांतून एकाआड एक ओळी घातल्या. फरक लपला नाही, पण उतरंड मऊ झाली.

हे अंगडं खरं तर दुसरं. पहिलं वर्षाच्या पोराला होईल एवढं झालं, आणि त्यात तिचा दोष नव्हता. नमुन्यात सहा नंबरच्या सुया लिहिल्या होत्या, अमेरिकन सहा, म्हणजे चार मिलिमीटर. मावशीच्या डब्यातल्या सुया जुन्या इंग्रजी मापाच्या, तिथे सहा म्हणजे पाच मिलिमीटर. शिवाय अमेरिकन माप नंबराबरोबर जाड होत जातं आणि आपलं बारीक. निलगिरीतल्या केट्टीच्या कारखान्यातून येणाऱ्या पोनीच्या सुयांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बायकांना दहा म्हणजे बारीक हेच शिकवलं आहे. टाके मात्र तेच 160. झिमरमनबाईंनाही हे मान्यच होतं: टाके बदलू नका, धागा आणि सुई बदला, माप आपोआप बदलेल. पहिलं अंगडं फुकट गेलं नाही. ते पुढच्या वर्षीच्या थंडीसाठी ट्रंकेत आहे.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. समोर उंदेरी बेट, त्याच्यामागे खांदेरी. ओढून घेतलेल्या होडीच्या सावलीत एक काका जाळं सांधत बसले होते. डोल जाळं मुद्दाम पाहावं असं असतं: तोंडाकडे मोठे डोळे, शेपटीकडे लहान लहान होत गेलेले, भरती-ओहोटीच्या ओढीवर पसरणारं भलंमोठं नरसाळं. हल्ली नायलॉनचं जाळं यंत्रावर विणून येतं, हाताला उरलं आहे ते दुरुस्तीचं काम. मावशीने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "यांचं बरं आहे. गाठ आहे." तिने दोन शब्दांत फरक सांगितला. जाळ्याचा प्रत्येक डोळा गाठीने बंद असतो, एक तुटला तर शेजारचा तगतो. सुईच्या विणकामात गाठ नसतेच. एका फासातून दुसरा फास, एवढ्या भरवशावर सगळं उभं. एक टाका निसटला तर शिडी उतरावी तसा थेट खालपर्यंत. म्हणून तर ती दर वीस ओळींनी टाक्यांतून एक रंगीत दोरा आडवा ओवून ठेवते. उसवायची वेळ आलीच तर तिथे थांबता येतं. ही युक्तीही तिने याच अंगड्यावर पहिल्यांदा केली. दोरे काढून टाकले आहेत, पण पाठीवर एका जागी निळ्या दोऱ्याचा तंतू अजून अडकलेला आहे.

जाता जाता सुगरणीबद्दल. थळच्या उत्तरेला, नवगाव ओलांडलं की किहीम. 1930 साली जर्मनीहून परतल्यावर नोकरी नव्हती म्हणून पक्षितज्ज्ञ सालिम अली तिथे राहिले आणि तिथेच त्यांनी सुगरण पक्ष्याचा संसार बारकाईने पाहिला. आपण स्त्रीलिंगी नाव ठेवलं, पण घरटं विणतो नर. अर्धं विणून टांगतो, माद्या येऊन तपासतात, एखादीला पसंत पडलं तर पुढचं पुरं करतो आणि मग दुसऱ्या घरट्याला लागतो. नापसंत घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. मावशीच्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला की मला हे हमखास आठवतं. एक मोजा, अर्धी टोपी, टाचेपाशी थांबलेला दुसरा मोजा. त्यांना नापसंत करायला बाहेरून कुणी आलं नव्हतं, तिनेच केलं.

शिवणीकडे वळतो, कारण तिथे जुनी मावशी आहे. खांद्यावरच्या दोन शिवणी शोधाव्या लागतात. दोन्ही कडांचे वळे समोरासमोर आणून एकदा इकडचा, एकदा तिकडचा पकडत ओढलेला धागा, आणि पट्ट्याला पट्टा भिडलेला. चाळीस वर्षं तुकडे जोडल्याशिवाय हा हात येत नाही. कमीत कमी शिवण लागावी म्हणून रचलेल्या कपड्यात सर्वांत देखणी शिवणच निघावी, हे झिमरमनबाईंना कितपत रुचलं असतं कोण जाणे. मला रुचलं.

राहता राहिली काजं. ती दोन्ही पल्ल्यांवर आहेत, पाच इकडे, पाच तिकडे. हीसुद्धा मूळ रचनेतलीच सोय: मुलगा की मुलगी हे कळलं की ज्या बाजूला हवी त्या बाजूच्या काजांवर बटणं लावून ती बंद करायची. मावशीने ही सोय वेगळ्याच कामाला लावली आहे. बाळ यायच्या आधी त्याचे कपडे तयार करून ठेवायचे नाहीत, असं तिच्या घरात मानतात. पुतणीला सातवा लागलाय. मी विचारलं, मग हे कसं चाललं? तिने अंगडं पुन्हा उलगडलं, ते वेडंवाकडं फडकं माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "बटणं कुठायत? हे अजून झालंच नाही." बटणं डबीत होती, शिंपल्याची, पाच.